गैरहजर ठरलेला अर्ज

मी एक अर्ज आहे. शहर बससेवेच्या सवलतीच्या पासाचा. आमच्यातल्या बहुतेकांचं आयुष्य चार दिवसांचं. लोक खिडकीवरून आम्हाला हौसेने घरी नेतात, दुसऱ्याच रकान्यात खाडाखोड करतात आणि मग कपाटाच्या खणात अंथरतात. माझं मात्र तसं झालं नाही.

मला घरी आणलं टप्पेकाकांनी. ते निवृत्त कंडक्टर. शहरातल्या प्रत्येक मार्गाचे भाड्याचे टप्पे तोंडपाठ, म्हणून बिल्डिंगभर हेच नाव. त्यांच्या वरच्या मजल्यावर ताई राहायची. बावीस वर्षं ती कापडाच्या कारखान्यात मागांपाशी उभी राहिली आणि त्या खडखडाटात तिचे दोन्ही कान गेले. आता ती शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायची. बोलणं स्वच्छ, पण दुसऱ्याचं ऐकायची ती ओठांवरून.

एकदा काका तिच्याच बसमध्ये होते. ताईने शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि अर्ध्या वाटेतच उतरली. काकाही मागोमाग उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"अगं, तुझा थांबा चौथ्या टप्प्यात. नवव्याचं तिकीट कशाला काढतेस?"

"कंडक्टर मान फिरवून बोलतो, काका. काय विचारतो ते कळत नाही. एकदा माझा टप्पा चुकला, तर भर बसमध्ये त्याने माझी खरडपट्टी काढली. तेव्हापासून शेवटचंच मागते. कटकट नको."

"कधीपासून?"

"झाली की सहा वर्षं."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच संध्याकाळी ते तिच्या टेबलाशी बसले. "हे बघ, भाडं थांबे मोजून ठरत नाही, टप्प्यांवर ठरतं. थांब्याच्या खांबावर तक्ता असतो. आपला टप्पा बघायचा आणि तेवढी बोटं दाखवायची. बोलायची गरजच नाही." मग त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं. "आणि ऐकू न येणाऱ्यांना भाडं पाव पडतं. हा भर."

ताईचा चेहरा उतरला. "मी काय कुणाच्या दयेवर जगते का?"

"दया कसली? नियम आहे. पुस्तकात छापलाय."

तिने मला पिशवीत कोंबलं. आठ दिवस मी तिथेच, सुया-दोऱ्यांच्या सोबतीला.

मग एक गोष्ट घडली. दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या माणसांसाठी हातांच्या खुणांच्या भाषेचा वर्ग भरतो. ताई एक दिवस बघायला म्हणून गेली. पिशवीच्या तोंडातून मी सगळं पाहिलं. बारा माणसं हातांनी बोलत होती, थट्टा करत होती, भांडतसुद्धा होती. ताईला त्यातलं फारसं कळत नव्हतं, तरी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी वर्षांनी इतकी माणसं तिच्याशी तोंड न फिरवता बोलत होती.

पण आठवड्यातून तीनदा, जाता-येता दोन-दोन बस. तिच्या पगारात ते बसणं शक्य नव्हतं. शनिवारी नावनोंदणी बंद होणार होती. वर्गातून परतली त्याच संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं, तळहाताने सुरकुत्या मोडल्या आणि काज करावं तशा नेटक्या अक्षरात भरलं. डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो, पत्त्याचा पुरावा, सगळं टाचलं.

शुक्रवारी सकाळी पास कार्यालयात शिपायाने आम्हा अर्जांचा गठ्ठा आत नेला आणि तिच्या हातात एकोणीस नंबरचा बिल्ला दिला. ती खिडकी तीनसमोरच्या बाकावर बसली. वर पाटी होती : कर्णबधिर सवलत.

आतून कारकून खाली मान घालून ओरडला, "एकोणीस!" मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. मी टेबलावर तडफडत होतो. बाई तर समोरच बसलीय! पण कागदाला आवाज कुठला? माझ्यावर शिक्का बसला : गैरहजर.

दुपारी ती खिडकीशी आली, तेव्हा कारकुनाने मला तिच्याकडे सरकवलं. "तीनदा पुकारलं, बाई. आता पुढच्या महिन्यात या."

ताईने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. मला वाटलं, आता ही वाद नको म्हणून निघून जाणार. सहा वर्षं तेच केलं होतं तिने. पण तिने पेन मागितलं, मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं :

'मी गैरहजर नव्हते. सकाळी नऊपासून समोरच बसले आहे. तुम्ही हाक मारलीत, ती मला ऐकू आली नाही. त्यासाठीच तर हा अर्ज आहे.'

कारकुनाने वाचलं. त्याचे कान लाल झाले. तो मला आत मोठ्या मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी मला दोनदा वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "या खिडकीवर आपण नंबर ओरडून सांगतो?"

"पहिल्यापासून, मॅडम."

मॅडम बाहेर आल्या. ताईसमोर उभ्या राहून सावकाश म्हणाल्या, "चूक आमची आहे. तुम्ही हजर होतात." सगळ्या रांगेदेखत त्यांनी शिक्क्यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि वीस मिनिटांत पास ताईच्या हातात ठेवला. शनिवारी वर्गाच्या यादीत तेरावं नाव लागलं, ताईचं.

महिन्याभरात खिडकी तीनवर नंबर दाखवणारा दिवा बसला.

मी आता फाइलीत असतो. परवा नूतनीकरणासाठी मला बाहेर काढलं, तर समोर ताई, आणि तिच्याबरोबर वर्गातली चार माणसं, प्रत्येकाच्या हातात भरलेला अर्ज! त्यांचे हात असे काही चालले होते, की बघतच राहावं. कारकुनालाही हुरूप आला. कुठूनशी शिकलेली 'या, बसा' ही खूण त्याने काचेआडून करून दाखवली.

ताई खो खो हसत म्हणाली, "साहेब, तुम्ही आम्हाला आंघोळ करायला सांगताय!"

अख्खी रांग हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने तो कारकूनच.

माझं सांगून झालं. तुमच्या वाटणीचा कोरा अर्ज कुठल्यातरी खिडकीवर पडून असेल, तर तो मागून घ्या. आणि तुमचं म्हणणं रकान्यांत मावलं नाही, तर खुशाल त्याला उलटा करा. आमची पाठ कोरीच असते.