वादळापलीकडची शिंक

मित्रांनो, जुनी व्हिडिओ कॅसेट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कपाटात धूळ खाणारी एक गरीब बिचारी वस्तू येत असेल. मी तशी नाही. मी वैतागलेली आहे.

कारखान्यात माझी फीत गुंडाळली गेली तेव्हा माझी स्वप्नं मोठी होती. पण मी पडले काकांच्या हाती. काका लग्नांचं शूटिंग करत. माझ्यावर त्यांनी एक लग्न घेतलं आणि तेवढ्यात घरात आणीबाणी उभी राहिली. उडत्या गलबताच्या कार्टून मालिकेचा शेवटचा भाग आणि ताईची, म्हणजे काकांच्या पुतणीची, परीक्षा नेमकी एकाच वेळी आली. ताईने जेवण सोडलं.

"रडू नकोस गं, मी आहे ना!" काका म्हणाले.

टीव्हीवरून रेकॉर्डिंग करायचं यंत्र काकांच्या दुकानात होतं. ते त्यांना आठवलं नाही. त्यांनी टीव्हीसमोर लग्नाचा कॅमेरा उभा केला, दिवे लावले आणि माझ्यावरच्या लग्नाचा शेवट पुसून त्यावर कार्टून घेतलं. त्या लग्नातले पाहुणे आजतागायत घरी गेलेले नाहीत.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात आजोबांचं टक्कल आलं. मध्येच ताईची आई "भाजी करपली!" असं ओरडून गेली. तेही चालून गेलं असतं. पण वादळात सापडलेल्या गलबतावरून कप्तान शेळी गरजली, "घाबरू नका! या वादळापलीकडे..." आणि इथेच माशी शिंकली. माशी कसली, आजोबाच शिंकले. असे शिंकले, की कॅमेरा हलला. शेळीचं उरलेलं वाक्य गेलं ते गेलंच.

त्यानंतर मला किती वेळा मागे फिरवलं, विचारू नका. ताई म्हणायची, पलीकडे खजिना. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, राक्षस. "पलीकडे माझा रुमाल होता रे," आजोबा म्हणायचे, आणि हसण्यात निकाल पुन्हा लांबायचा. माझी फीत झिजली. पुढे आजोबा गेले. भांडण तेवढं राहिलं.

परवा ताईच्या लेकीने ती मालिका मोबाइलवर शोधून काढली. स्वच्छ, चकचकीत. ताईने मला उचलून भंगाराच्या खोक्यात टाकलं. "आता हिचं काय काम?" इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हा निरोप समारंभ!

सगळे मोबाइलभोवती जमले. शेळीची जादू अजून उतरलेली नाही, हे मी खोक्यातूनही मान्य करते. थोरांनीसुद्धा श्वास रोखले. शेळी गरजली, "घाबरू नका! या वादळापलीकडे दुसरं वादळ आहे!"



"एवढंच?" धाकटा म्हणाला. आता त्यालाही टक्कल पडलं आहे.

"आई, पणजोबा कधी शिंकणार?" लेकीने विचारलं. तिने पणजोबांना पाहिलेलं नाही. ते तिला ठाऊक आहेत ते माझ्यामुळे: एक टक्कल आणि एक शिंक.

ताई उठली. मला खोक्यातून काढून तिने ओढणीने पुसलं.

"काका, तुमचं यंत्र चालतं का हो अजून?"

"चापट मारली की चालतं."

म्हणजे माझी पुन्हा जुंपणी झाली. मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका, एवढं तर तुम्ही ऐकालच. पण शिंकेच्या जागी माझी फीत फार विरली आहे. वादळं हवी तितकी पाहा, ती मोबाइलवर ढीगभर मिळतात. शिंकेपाशी मात्र मला हळूच फिरवा. तिची दुसरी प्रत कुठेही निघालेली नाही.