तीस-तीस की पस्तीस

सिल्वीने बंदुकीचा दस्ता खांद्यात रुतवला, गाल लाकडाला टेकवला आणि चाप ओढला. दणका खांद्यातून थेट दाढेपर्यंत गेला. साठ पावलांवर फळीला ठोकलेली कागदी थाळी जागच्या जागी राहिली. फळीच्या कडेची एक ढलपी तेवढी उडाली.

"लागली!"

"फळीला," आर्व्हो आजोबा म्हणाले.

उद्या पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सोळा वर्षांची सिल्वी यंदा पहिल्यांदा दलदलीच्या काठी एकटी बसणार होती. समोरच्या लाकडी टेबलावर आजीची तीस-तीस पडून होती: हलकी बंदूक, बारीक गोळी, धक्का कमी. सिल्वीच्या हातात होती ती आजोबांची पस्तीस: गोळी जाड, बोथट, आणि धक्का घोड्याच्या लाथेसारखा. दोन्हीपैकी जी निवडेल ती कायमची तिची. घरातले सगळे काका पस्तीसवाले. तीस-तीसला ते 'स्वयंपाकघरातली बंदूक' म्हणायचे. आणि सिल्वीला तर काकांच्या रांगेत बसायचं होतं.

"अहो नेमबाज, पेस्ट्या गार होतायत!" लेम्पी आजी लाकडी झोपडीच्या दारातून ओरडली. पेस्ट्या म्हणजे खिमा-सलगम भरलेल्या भाजक्या करंज्या; पुढच्या घाण्यासाठीचा अर्धवट सोललेला सलगम तिच्या हातात होता. "सिल्वी, आत येऊन भिंत बघ आणि मग ठरव. आठ तुकडे तुझ्या आजोबांचे. माझा एकही नाही."

"तू फक्त नाकासमोरची हरणं मारलीस!" आजोबा तिच्यावर ओरडले.

"आणि तुम्ही झाडं!"

ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, तारीख घालून भिंतीवर ठोकायचं, हा त्या झोपडीतला जुना नियम होता. सिल्वी हसली, पण तेवढ्यात तिला दलदलीतलं हरीण आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका काकांची गोळी पोटात लागलेलं हरीण दलदलीत शिरलं होतं. तीन दिवसांनी कावळ्यांनी दाखवलं, ते कुठे मेलं. शर्ट कापून ते भरून येत नाही, हे तेव्हा तिला कळलं होतं.

"आता मी भरून देतो. बघू नकोस," आजोबा पाठमोरे झाले. चापाखालची लिव्हरची दांडी खडखडली. त्यांनी बंदूक तिच्या हातात दिली.

तिने नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. नुसतं टक्. बंदूक उडाली नाही, तरी नळीचं टोक दोन बोटं खाली झुकलं होतं.

"आतलं काडतूस खोटं होतं," आजोबा म्हणाले. "दारूच नव्हती त्यात. धक्का बसायच्या आधीच तू दचकतेस. गोळी जाते खाली. पोटात."

सिल्वीचे कान तापले. मग तिने हात पुढे केला.

"आता तुम्ही. मी भरते."

"मी? पन्नास वर्षं वापरतोय मी ही!"

"मग घाबरता कशाला?"

आजोबांनी टोपी मागे सारली. तिने पाठ फिरवून तेच खोटं काडतूस बाहेर काढलं, पुन्हा आत सरकवलं आणि बंदूक त्यांना दिली. त्यांनी ती अशी सहज उचलली, जणू ती त्यांच्या हाताचाच भाग होती. सिल्वीने नळीच्या टोकावर नजर लावली.

टक्.

नळी चार बोटं खाली झुकली. आजोबांचे डोळेही घट्ट मिटले होते.

फळीवर एक निळा पक्षी येऊन बसला, थाळीकडे बघून उडून गेला. आजोबांनी लिव्हर ओढून ते काडतूस बाहेर काढलं आणि कितीतरी वेळ तळहातावर फिरवत राहिले.

"वारा होता जरा," सिल्वी म्हणाली.

"कुठाय वारा?" आजोबा म्हणाले. "चल आत. कातर आण."

झोपडीत स्टोव्हची ऊब आणि वेलदोड्याच्या पावाचा वास होता. सिल्वीने आजीच्या शिवणाच्या डब्यातून कातर काढली आणि निमूटपणे स्वतःचा शर्ट विजारीतून ओढला. समोर हरीण नसताना नियम लागू होतो का, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही.

वळून बघते तर आजोबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. निळ्या चौकड्यांच्या शर्टाचं टोक त्यांनी स्वतःच बाहेर ओढून धरलं होतं.

"सरळ काप. मागल्या वेळी तुझ्या काकांनी माझा गंजीफ्रॉकही कापला होता."

आजी सलगम सोलायची थांबली.

सिल्वीने कापलं. आठ तुकड्यांशेजारी नववा ठोकला, पेन्सिलीने तारीख घातली. मग बाहेर जाऊन तीस-तीस घेऊन आली, स्टोव्हपाशी बसली आणि नळीला तेल लावू लागली. आजीने पेस्टीची थाळी सरकवली, ती तिला दिसलीही नाही.

"उद्या तुझा दिवस," आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण तुला हरीण मिळालं, तर परवा... ती जरा मला देशील?"

सिल्वीने फडकं नळीवरून एकदा शेवटपर्यंत ओढलं.

"आधी बाहेर चला," ती म्हणाली. "उजेड आहे अजून. मी भरून देते."