त्सेनेचं कोपर

"दुसरा कुठला उपचार?" डॉक्टर निवेस यांनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

"काही नाही," त्सेने म्हणाला. बारा आठवडे तो हेच सांगत होता. मी शेजारीच बसलो होतो आणि त्याच्या बाहीतून चरबीचा उग्र वास येत होता.

त्सेने आमच्या गावचा सुतार. चर्चच्या मनोऱ्यात आम्ही तिघं घंटा वाजवतो. घंटा जागची हलत नाही, लोलक हाताने धरून तालात मारायचा. मोठी घंटा त्सेनेची. चार वर्षं त्याच्या उजव्या कोपराचा स्नायुबंध ठणकत होता, कॉफीचा कप उचलला तरी कळ जायची. इंजेक्शनं झाली, पट्टे झाले. शेवटी ल्युब्लियाना शहरातल्या इस्पितळाच्या संशोधनात त्याचं नाव लागलं. रोज वजन धरून मनगट सावकाश खाली सोडायचं, दुखलं तरी. दुखणं शून्य ते दहात वहीत लिहायचं. दुसरा उपाय करायचा नाही.

आता पकड दुप्पट झाली होती. इतका सुधारलेला दुसरा कोणी नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या देखरेखीखाली वजन वाढत गेलं, तर ऑगस्टमधल्या मारिया मातेच्या सणाला मोठी घंटा त्याच्याकडेच राहणार होती.

त्या कागदावर सहीसाठी घेतलेलं पेन त्सेनेने खाली ठेवलं.

"माझी बायको रेझ्का चोळते. मार्मोटची, त्या डोंगरातल्या मोठ्या खारीची चरबी, रोज सकाळी, तीस वर्षं, हात दुखत नव्हता तेव्हापासून. मला ते औषध वाटलंच नाही, बायको वाटली."

मला हसू आलं. डॉक्टरबाईंना आलं नाही.

"मग आज का सांगताय?"

"माझ्या भरवशावर तुम्ही दुसऱ्यांना हा व्यायाम सांगणार. त्यांच्या घरी रेझ्का नाही."

चरबीने बहुधा काहीच होत नसावं, पण 'बहुधा' लिहिता येत नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. पट्टी ठेवून त्यांनी त्याच्या नावावर रेघ मारली. तपासण्याही त्या दिवसापासून बंद झाल्या.

परतताना मी त्याला वाटभर झापलं. घरी रेझ्का म्हणाली, "चरबीनेच बरा झालास, मग तोंड का पाडलंयस?"

"सणापर्यंत नको चोळूस. कशाने होतंय ते मला कळू दे."

ती दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तो व्यायाम करताना आपणच समोर बसून आकडे मोजू लागली. वजनाला वाळू भरलेला मातीचा चंबू, दर आठवड्याला मूठभर वाळू जास्त.

सणाला त्सेनेने मोठी घंटा धरली. तिसऱ्या फेरीला त्याचा जबडा आवळला. थांबतोस का, असं मी डोळ्यांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि शेवटच्या ठोक्यापर्यंत ताल सोडला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

उतरताना तो जिन्यात बसला. खिशातून दुखण्याची ती जुनी वही काढली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, चार.

"आता कोण वाचणार ते?" मी विचारलं.

त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि उजव्या हाताने कठडा धरून उतरू लागला.