टेकडीवरचं चौथं ताट

मी एक जुनं पितळी पुरणयंत्र आहे, मित्रांनो. सध्या माळ्यावर असते. माझ्याभोवती कंपनीच्या युनिफॉर्मचा एक निळा शर्ट गुंडाळलेला आहे आणि त्याचं एक बटण माझ्या पोटाशी टोचतं. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते' म्हणतात. पण सगळा जन्म बायकांच्या हाताखाली गेला, म्हणून मी आपली 'आले, गेले' असंच बोलते. चालवून घ्या.

तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. हल्ली पुरण मिक्सरमध्ये फिरवतात. तर सांगते. मला तीन पाय आहेत. वर वाडग्यासारखं तोंड, पोटात फिरणारं पातं, तळाला बारीक भोकांची जाळी आणि डोक्यावर दांडा. हरभऱ्याची डाळ गूळ घालून शिजवायची, माझ्या तोंडात टाकायची आणि दांडा फिरवायचा. जाळीतून मऊ पुरण खाली उतरतं. काम एवढंच. पण डाळीचा एक कण राहिला तर पोळी फाटते, आणि मग लाटणारीला कुणी बोलत नाही, सगळे मलाच बोलतात.

शिरूरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानात मी टांगलेली होते. सोजराबाईंच्या भावानं मला विकत घेतलं, भाच्याच्या बारशासाठी. दुकानदारानं माझ्या अंगावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटवली: 'चि. सत्यजीत याच्या बारशानिमित्त, मामाकडून.' चि. म्हणजे चिरंजीव. म्हणजे पुष्कळ जगो. तेव्हा ती अक्षरं फार टोचली होती, पण मिरवायला बरी वाटायची.

सोजराबाईंचं घर टेकडीच्या खांद्यावर आहे. खाली वाडी, वाडीच्या खाली ऊस आणि उसाच्या पल्याड घोड नदी. वारा इतका की वाळत घातलेलं कापड शोधायला शेजारच्या रानात जावं लागतं. सणाला वाडीतल्या बायका मला मागून न्यायच्या. कुणी घासूनपुसून परत आणायची, कुणी जाळीच्या भोकांत वाळलेलं पुरण तसंच ठेवून. सोजराबाई तोंडानं कुणाला काही म्हणायच्या नाहीत. सुई घेऊन एकेक भोक मोकळं करत बसायच्या. पुढच्या सणाला मात्र त्या बाईला "आवं, दांडा ढिला झालाय बघा," असं सांगून वाटेला लावायच्या. माझा दांडा कधीच ढिला नव्हता.

सत्यजीत आठ वर्षांचा झाल्यापासून दांडा त्यानंच फिरवला. आईचा खांदा दुखायचा. तो मला दोन्ही पायांत धरायचा आणि मोटरसायकलसारखा आवाज काढायचा.

आमच्याकडे बैलपोळा भादव्याच्या अमावास्येला असतो. त्याच अमावास्येला पितरं जेवतात. म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात. एकाच चुलीवर इकडे पोळ्याचं पुरण आणि तिकडे पितरांची खीर. खिरीत माझं काही काम नसतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सत्यजीत मोठा झाला, आयटीआय करून रांजणगावला एका कंपनीत लागला. पहिल्याच पोळ्याला तीन दोस्त घेऊन टेकडी चढला. महेंद्र, ज्ञानेश आणि आयुष. वर येईपर्यंत तिघांच्या तोंडाला फेस.

"सत्या, लेका, घर हाय का महाबळेश्वर?" ज्ञानेशनं विचारलं.

"महाबळेश्वरच. पण हितं घोडं मिळत न्हाई, चालावं लागतं," सत्यजीत म्हणाला.

महेंद्र शिरूरच्या बौद्ध वस्तीतला. तो पंगतीच्या टोकाला, दाराशी जाऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणच बसला. सोजराबाईंनी पोळीचं ताट तसंच हातात धरून ठेवलं. म्हणाल्या, "मधी बस की रं. तिथवर पोळी यीस्तवर गार व्हती." तो मधे सरकला. त्यानंतर दर पोळ्याला त्याची जागा मधलीच. पोळ्या मात्र सगळ्यात जास्त आयुष खायचा, आणि हात धुताना म्हणायचा, "काकू, आज जरा पोट बरं न्हवतं."

सहा पोळे असे झाले. बैल विकले गेले, मातीची जोडी आली, तरी दोस्त येत राहिले.

सातव्या पोळ्याची सकाळ मला विसरता येत नाही. सत्यजीत खाली बसला, मला पायांत धरलं आणि दांडा फिरवू लागला. मोटरसायकलचा आवाज नव्हता. पुरण सगळं उतरलं. मी रिकामी झाले. तो फिरवतच राहिला. आत काहीच नाही, पातं नुसतं पितळेवर खर्र खर्र वाजतंय, आणि हा खिडकीतून खाली नदीकडे बघतोय.

सोजराबाई तव्यापाशी होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आरं, झालं की. काय जाळी झिजवतोस व्हय?"

तो दचकला. हसला. "ध्यान न्हवतं आई," म्हणाला.

दुपारी तिघे दोस्त जेवले. त्या दिवशी महाबळेश्वराचं कुणी नाव काढलं नाही. मला वाटलं, दमले असतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो नेहमीसारखा डबा घेऊन गेला. दुपारी त्याची मोटरसायकल घोडच्या पुलावर सापडली, कठड्याला नीट लावलेली. हँडलला डबा. वरच्या पावसानं नदी दुथडी भरलेली होती. पोलीस आले, पाणबुडे आले, आठ दिवस शोधलं. काही हाती लागलं नाही. ना तो, ना त्याचं काही.

हाती काही लागलं नाही, म्हणून सोजराबाईंनी काही मानलं नाही. कपाळावर हात मारला नाही की दहावं घातलं नाही. "गेलाय कुठंतरी. यील," एवढंच. पुढच्या पोळ्याला त्यांनी दोस्तांना निरोप धाडला. ते आले. चार पानं मांडली. चौथ्या पानावर पोळी वाढली, तूप सोडलं. तिघांनी माना खाली घालून गिळलं आणि ते गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. दांडा आता सोजराबाई स्वतः फिरवायच्या, डाव्या हातानं, थांबत थांबत. आणि त्या दोन्ही वर्षी घरात खीर केली नाही. सासू-सासऱ्यांची पितरंसुद्धा उपाशी ठेवली. घरात पितर म्हटलं की आणखी एका माणसाचा विचार येणार, तो त्यांना येऊच द्यायचा नव्हता.

आता आनंदराव. सत्यजीतचे वडील. हा माणूस बोलत नाही, आणून ठेवतो. बायको आजारी पडली तर विचारणार नाही, औषध आणून ठेवील. यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी ते शिरूरहून आले आणि एक पिशवी ओट्याखाली, माझ्या शेजारी ठेवून गेले. पिशवीत स्टीलची चार ताटं होती. मधोमध ठिपक्यांची अक्षरं. ती अक्षरं मला वाचता येतात, तशीच माझ्या अंगावर आहेत. ताटांवर होतं: 'कै. सत्यजीत आनंदराव यांच्या स्मरणार्थ.'

कै. म्हणजे कैलासवासी. म्हणजे गेलेला. गेलेल्याच्या नावानं भांडी वाटायची आमच्याकडे रीत आहे. आनंदरावांना त्यांतली तीन दोस्तांना द्यायची होती, जाताना, हळूच, खाली फाट्यावर; चौथं आपल्यापाशी लपवून ठेवायचं होतं. बायकोला सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

मी चार रात्री त्या ताटांना टेकून काढल्या, मित्रांनो. एकाच दुकानातली आम्ही, एकाच पोराच्या नावाची. मी 'चि.', ती 'कै.' दोन्ही खरं कसं असेल?

पोळ्याच्या सकाळी सोजराबाईंनी मला काढलं आणि पिशवीही काढली. ताटं बघितली. चष्मा कपाळावर होता. पदरानं एकेक पुसलं आणि ओट्यावर रांगेत लावलं. मला हाक मारता येत असती तर मी मारली असती. चष्मा खाली घ्या हो बाई! पण मी काय करणार? पोटात डाळ पडली, दांडा फिरू लागला, मी पुरण काढू लागले.

दुपारी दोस्त आले. महेंद्रच्या कानाजवळ केस पिकू लागलेत. पडवीत सतरंजी अंथरली. सोजराबाईंनी चार ताटं मांडली, त्यांवर मोठ्या पोळ्या घातल्या. पोळी ताटभर, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. आमटीच्या वाट्या ठेवल्या, कुरडई ठेवली. चौथं ताट रिकाम्या जागेपुढे.

आनंदराव दाराशी उभे होते. ताटं बघून ते उंबऱ्यावर बसले.

"घ्या रं, गार व्हतंय," सोजराबाई म्हणाल्या.

आयुषनं पहिला घास तोडला. पोळी बाजूला सरली आणि खालून तुपात भिजलेली अक्षरं वर आली. त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं ज्ञानेशकडे बघितलं. ज्ञानेशनं आपली पोळी जराशी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"काय झालं? का थांबलासा?" सोजराबाईंनी विचारलं.

आयुषनं पोळी परत अक्षरांवर ओढली. शेवटी आनंदराव म्हणाले, "ती ताटं... तुला म्हाईत न्हाई... मी आणल्याली..."

"म्हाईत हाय," सोजराबाई म्हणाल्या. "चौथी पास हाय मी. त्या दिशी पडवीत पिशवी ठिवून तुम्ही पाय धुवाया गेलासा, तवाच वाचली. झाकली व्हती पोळीनं. म्हटलं, बघू ह्या पोरांच्या तोंडाकडं. ह्यांनला नवल वाटतंय का न्हाई."

त्या तिघांसमोर खाली बसल्या.

"नवल न्हाई वाटलं तुम्हाला. घाबरलासा. मंजी तुम्हाला काय तरी ठावं हाय. तीन वर्सं माझ्या हातचं खाताय आन् खाली बघताय. मी आंधळी हाय का? आज सांगा. त्येच्याबिगर उठायचं न्हाई."

मग महेंद्र बोलला. मधल्या जागेवरून.

"मावशी, त्याला कंपनीनं ब्रेक दिला होता. कॉन्ट्रॅक्ट संपवलं. त्या पोळ्याच्या आधी वीस दिवस. घरी सांगू नका म्हणाला. शपथ घातली आम्हाला. दुसरीकडं लागलो की मीच सांगतो म्हणाला."

"आन् डबा? रोज डबा नेत व्हता की."

"पुलावर बसायचा. शिफ्ट सुटेपर्यंत."

आनंदरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आम्ही हितं जेवलो त्या दिवशी, आम्हाला माहीत होतं," ज्ञानेश म्हणाला. "तरी पोळ्या खाल्ल्या काकू आम्ही."

महेंद्रला अजून काही सांगायचं होतं. "त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. मी कंपनीत लाईनवर कामाला होतो, मोबाईल लॉकरात. जेवणाच्या सुट्टीत मिस्ड कॉल बघितला. म्हटलं, सुटल्यावर करू."

मला वाटलं, आता सोजराबाई ओरडतील. ताट भिरकावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "डबा खायाचा का रं त्यो?"

"खायचा. एकदा माझ्या सुट्टीला मी गेलो होतो पुलावर. दोघांनी मिळून खाल्ला. मेथी होती. म्हणाला, आई मुद्दाम एक चपाती जास्त देती."

"देत व्हते," सोजराबाई म्हणाल्या. "कामाला ताकद लागती म्हणून."

मग त्यांनी हात लांब करून चौथं ताट आपल्यापुढे ओढलं. तीन वर्षं चौथ्या पानाला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी पोळीचा घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. चावता येईना. तरी चावला. गिळला. दुसरा मोडला.

"जेवा," त्या म्हणाल्या. "तुम्हीबी या वो आत. त्येच्या नावानं हाय, टाकू नगा."

सगळे जेवले. एवढं वाईट जेवण मी आयुष्यात पाहिलं नाही, मित्रांनो, आणि पुरण त्या दिवशी एकही कण न राहता उतरलं होतं.

निघताना त्यांनी तिघांची ताटं धुऊन, पुसून ज्याच्या त्याच्या हातात दिली. "शोकेसला ठिवू नगा. रोज जेवा ह्यात," म्हणाल्या. महेंद्र पाया पडायला वाकला. त्याला उठवलं नाही, पण त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही येणार नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी चूल पुन्हा पेटवली आणि वाटीभर खीर केली. मी म्हटलं होतं ना, खिरीत माझं काम नसतं. मला त्यांनी सुईनं भोकन् भोक साफ करून धुतलं, उन्हात वाळवलं, त्याच्या शर्टात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. माझ्या अंगावर अजून 'चि.' आहे. ते कुणी खोडलेलं नाही. खाली फडताळात चौथं ताट आहे, त्यावर 'कै.' आहे. सोजराबाई रोज त्यातच जेवतात.

पुढच्या पोळ्याला मला काढतील की नाही, ठाऊक नाही. माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर त्याला ओलं ठेवू नका, पितळ आतून हिरवं पडतं आणि बाहेरून कळत नाही.

आणि दुसरी. तुमच्या घरात कुणी काम संपल्यावरही रिकामा दांडा फिरवत बसलेलं दिसलं, तर पाठमोरे राहून जाळी झिजेल म्हणू नका. तवा खाली उतरवा, पोळी करपली तर करपू द्या, आणि त्याच्यासमोर येऊन बसा. मला तोंड होतं, पण ते डाळ घालायचं. तुमचं बोलायचं आहे.