कानात मी, खांद्यावर बाई

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. मोटारसायकलच्या हँडलला घट्ट धरून बसायचं आणि चालवणाऱ्याला वाट सांगायची, हे माझं काम. पण आयुष्यभर दुसऱ्यांना वाट सांगता सांगता माझा स्वतःचा जो गोंधळ उडाला, तो अजून निस्तरलेला नाही. आता हेच बघा ना, सगळे मला ‘तो’ म्हणतात आणि माझा आवाज मात्र बाईचा! कारखान्यात कुणी काय विचार केला होता, देव जाणे.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख खोलीत झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्यांनी माझं पोट भरलं. मग मला पाण्यात बुडवलं, तापल्या पेटीत कोंडलं आणि थरथरणाऱ्या टेबलावर दोन तास बांधून ठेवलं. मी रडलो नाही, कारण मला तेव्हा रडणं शिकवलेलंच नव्हतं. मला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे वर पाहणं. आकाशात फार उंचावर उपग्रह फिरतात. त्यांची हाक कानी आली की मला कळतं, आपण कुठे आहोत. वर पाहिल्याशिवाय खालची वाट दिसत नाही, असा माझा धर्म आहे. त्यात कधी खंड पडू दिला नाही, एवढंच मी अभिमानाने सांगू शकतो.

तिथून मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. माझ्या एका बाजूला वहीच्या पानाएवढा एक थोराड भाऊ होता. दुसऱ्या बाजूला घड्याळाएवढा एक चिमुकला होता. त्याला नकाशा नव्हताच, नुसता बाण होता. गिऱ्हाईक यायचं, तिघांना हातात घ्यायचं, डोकं खाजवायचं आणि निघून जायचं.

एके दिवशी एक जोडपं आलं. ते गृहस्थ लिफ्ट बसवणारे फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून त्या नुसत्या बाई. दरवर्षी बारा दिवस दोघं मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला जात. काका चालवायचे, बाई मागे बसून कागदी नकाशा वाचायच्या. हे सगळं मला त्यांच्या भांडणातूनच कळलं.

“तू मागे बसलेली असताना मला याची गरज काय?” काका म्हणाले.

“अहो, पाऊस आला की नकाशाचा लगदा होतो.”

“प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू.”

“मग वाचू कसा? वाऱ्याने पिशवी तोंडावर फडफडते.”

“सव्वीस वर्षं फडफडतेय. आजच कशी टोचायला लागली?”

बाई कपाटाच्या काचेवर वाकल्या. दुकानदार भला माणूस. त्याने बोलणं सावरलं. फोनही चालेल, पण तो उन्हात तापतो, हातमोज्यांनी नीट दाबता येत नाही, असं त्याने समजावलं. काकांनी मला उलटा करून माझे स्क्रू मोजले, रबराची कड नखाने ओढून पाहिली, वीज गाडीच्या बॅटरीतून किती खातो ते विचारलं. बाईंनी मात्र दोनच प्रश्न विचारले. “अक्षरं जास्तीत जास्त केवढी मोठी होतात?” आणि “आवाज किती मोठा?”

“कुणासाठी मोठी अक्षरं?” काकांनी विचारलं.

“तुमच्यासाठी. वय झालं ना आता.”

“माझं? मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो! शर्टाची बटणं कोण लावतं घरात?”

दुकानदार हसला. बाईही हसल्या, पण जरा उशिरा. थोराड भावाला काकांनी ‘ताट’ म्हणून नाकारलं, चिमुकल्याला बाईंनी हातही लावला नाही. उरलो मी. मला निवडलं खरं, पण कुणी आणि कशासाठी, ते मला कळलंच नाही.

घरी आल्यावर दुपारी काका गाडी धुवायला खाली गेले की बाई मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बसायच्या. इतक्या जवळ, की माझ्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरायची. गावाचं नाव लिहायला बोट यायचं ते शेजारच्याच अक्षरावर पडायचं. खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. मान तिरपी करून कडेने बघायच्या. एकदा हळूच पुटपुटल्या, “मधलं अक्षरच दिसत नाही मेलं. कडेची सगळी दिसतात.” मी माझी मधली अक्षरं तपासून पाहिली. सगळी जागच्या जागी होती. मला वाटलं, माझ्यातच काही खोट असेल.

प्रवासाचा पहिला दिवस उजाडला. माझा आवाज काकांच्या हेल्मेटमध्ये जोडला होता. मी मनापासून कामाला लागलो. “दोनशे मीटरवर डावीकडे वळा.” काका सरळ गेले. मी नवा मार्ग काढला. “शंभर मीटरवर उजवीकडे वळा.” काका पुन्हा सरळ. मी पुन्हा मार्ग काढला. जेवणाच्या वेळेपर्यंत असं सात वेळा झालं. मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! मी वर पाहिलं, सगळे उपग्रह जागेवर होते. रस्ताही जागेवर होता. मग हा माणूस वळत का नाही?

शेवटी एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली.

“हे यंत्र बिघडलंय,” काका म्हणाले.

“तुम्हाला ऐकू येत नाही का त्याचं?”

“खणखणीत ऐकू येतं! पण तू कुठे थोपटलंस?”

तेव्हा कुठे मला या दोघांची भाषा समजली. धावत्या गाडीवर वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून यांची सव्वीस वर्षांची एक रीत होती. डाव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे डावीकडे, उजव्यावर दोन म्हणजे उजवीकडे, पाठीत बोट टोचलं की थांबा. आणि काहीच नाही म्हणजे सरळ!

“ती कानात सांगते वळ,” काका म्हणाले, “आणि तू गप्प. तू गप्प म्हणजे सरळ. एका वेळी दोन बायकांचं ऐकायचं म्हणजे माणसाने करायचं तरी काय?”

“माझं सोडा, तिचंच ऐका ना.”

“तिला काय कळतंय? वाट जरा वाकली की म्हणते, ‘थोडे डावीकडे राहा.’ रस्त्याबरोबर वाकण्याला आपण सरळच म्हणतो की नाही?”

या बोलण्यावर मी आजही विचार करतो.

काकांनी मला बंद केलं, टाकीवरच्या पिशवीत टाकलं आणि जुना कागदी नकाशा बाईंच्या हातात दिला. “घे. वाच. नेहमीसारखं.”

बंद केलं म्हणजे काच काळी झाली, एवढंच. आत मी जागाच असतो. पुढच्या तिठ्यावर गाडीचा वेग कमी झाला. बराच वेळ थाप पडली नाही. मग उजव्या खांद्यावर दोन पडल्या, पण कशा? नेहमीच्या ठाम नव्हत्या, भीत भीत दार वाजवावं तशा होत्या. काका वळले.

तो रस्ता एका दगडाच्या खाणीकडे जात होता. डांबर संपलं, खडी लागली आणि उताराला चाक घसरलं. गाडी आडवी झाली. समोर दहा पावलांवर खाण होती, खोल आणि पाण्याने भरलेली. देवाची कृपा म्हणून वेग बैलगाडीचा होता. बाईंचं कोपर खरचटलं, ब्रेकची दांडी वाकली, बाकी काही नाही.

काकांनी आधी बाईंना उठवलं. मग जमिनीवर पडलेला नकाशा उचलला आणि थबकले.

“अगं, ही तर गेल्या वर्षीची बाजू! आपण या पानावर नाहीच आहोत. तू काय वाचत होतीस?”

बाई एका दगडावर बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

“काहीच वाचत नव्हते. दिसत नाही मला.”

“म्हणजे?”

“मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुमचे कान दिसतायत, नाक नाही.”

“कधीपासून?”

“आठ महिने. डॉक्टरीणबाईंना दाखवलंय, डोळ्यात इंजेक्शनं घेतेय. आहे तेवढं टिकवता येईल म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही.”

“इंजेक्शनं? डोळ्यात? आणि मला पत्ता नाही?”

“तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही हे फिरणं बंद केलं असतं.”

काका वाकलेल्या दांडीकडे पाहत राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणतील. पण ते खरं बोलणारे गृहस्थ.

“केलं असतं,” ते म्हणाले. “तुला त्रास नको म्हणून केलं असतं.”

“तोच तर त्रास झाला असता. रस्ता मी सांगायचा, हे आपलं ठरलेलं. तेवढंही गेलं, तर मी मागे बसू कशाला? सामानासारखी?”

मी पिशवीत अंधारात ऐकत होतो. तेव्हा मला उमगलं, की मोठी अक्षरं त्यांना स्वतःसाठी हवी होती, दुकानातलं नाटक त्यासाठी होतं. पण एक गोष्ट उमगली की दुसरीचा गुंता होतो. या बाईंना वाट सांगायची आहे, मग मी कशाला? आणि मी वाट सांगणार असेन, तर या बाई कशाला?

काकांनी पाना काढला, दांडी हळूहळू सरळ केली. पूर्ण सरळ झाली नाही, पण धरता येण्याजोगी झाली. हात पुसून त्यांनी मला बाहेर काढलं. माहितीपत्रक उलटसुलट वाचलं. मग बाईंचं हेल्मेट मागून घेतलं, आपल्या हेल्मेटमधला कानाचा छोटा स्पीकर सोडवला आणि त्यांच्या हेल्मेटच्या अस्तरात बसवला.

“हे काय करताय?”

“मला हिच्या बोलण्याची सवय नाही. ही तुला सांगेल. तू ऐक. तुला पटलं तर थोपट.”

“आणि नाही पटलं तर?”

“तर सरळ.”

बाईंनी हेल्मेट चढवलं. मी घसा साफ केल्यासारखी एक टिंग वाजवली आणि म्हणालो, “मागे वळा.” दोन क्षण काही झालं नाही. मग डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या, चांगल्या ठसठशीत. काकांनी गाडी फिरवली.

त्यानंतर मी नऊ वर्षं बाईंच्या कानात बोललो. घाट, पूल, चिखल, ऊन, सगळं पाहिलं. मुक्कामाच्या गावी लोक म्हणायचे, “बाई, काय रस्ते पाठ आहेत हो तुम्हाला!” बाई मान डोलवायच्या. माझं नाव कधी निघालं नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. मी डावीकडे म्हणावं आणि त्यांनी ऐकूनही थोपटू नये, असंही व्हायचं. का, ते विचारायची सोय नव्हती. तो न थोपटलेला रस्ता पुढे एखाद्या तळ्याकाठून निघायचा. मी दाखवलेल्या वाटेवर ते तळं नव्हतं, हेही खरं.

आता मी थकलो आहे. माझ्या रबराला चिरा गेल्या आहेत, चार्जिंगची पिन हलवून हलवून धरावी लागते. चार वर्षांत माझा नकाशा कुणी नवा केलेला नाही. जिथे मोठा रस्ता झालाय, तिथे माझ्या हिशेबी अजून शेत आहे. आम्ही साठच्या वेगाने शेतातून जातोय, असं मला दिसतं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडतो, “रस्त्यावर या!” बाई खांद्याला हात लावत नाहीत. मागच्या खेपेला तर हेल्मेटमध्ये हसल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर एक करा. आमची काच पुसा, नकाशे वेळेवर नवे करा. जुन्या माहितीवर ठामपणे बोलत राहण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस एकाएकी एखाद्या वस्तूचा हट्ट धरून बसलं, तर “आजच कशी गरज पडली?” असं चेष्टेत विचारून सोडून देऊ नका. तोच प्रश्न मायेने विचारा, जवळ बसून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते कळल्यावर त्यांचं काम काढून घेऊ नका. त्या कामाला फक्त एक कान जोडून द्या.