डावी टाच

खिळ्याच्या डोक्याला सुतळीचं टोक अडकून राहिलं होतं, आणि ते नखाने सोडवता सोडवता त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून दात आवळून धरलेत. सुतळी जुनी, चुन्याने कडक झालेली. वळण संपतं तिथे एक खिळा ठोकायचा, शेवटच्या रेषेपलीकडे दुसरा, मध्ये सुतळी ताणायची आणि तिच्या कडेने ओल्या चुन्याचं चाक ढकलत जायचं... मैदानावरच्या आठही धावपट्ट्या गेली एकोणीस वर्षं तोच आखत होता. या कामात आपल्या पुढे कुणी नसतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. आज मात्र खिशातला फोन सारखा थरथरत होता, आणि प्रत्येक वेळी विषय एकच होता.

तुफान आजारी होता. मज्जातंतू सुकवत जाणारा कसलासा रोग – आधी पाय जातात, मग हात, मग श्वास. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती, फार तर तीन. काल संध्याकाळी त्याच्या बायकोने चार ओळींत ते जाहीर केलं, आणि सकाळ उजाडेपर्यंत सगळ्यांना तो पुन्हा आपला वाटायला लागला.

सगळ्यांना! हेच ते सगळे, ज्यांनी त्याला आधी डोक्यावर घेतलं आणि औषधं टोचून धावल्याचं सिद्ध झाल्यावर पायदळी तुडवलं. तुफानाची ‘सुई’ यांनीच केली. तो दिसला की मागून शिट्ट्या मारत ‘सुई, सुई’ ओरडायचे... आणि आता गळे काढतायत. कॅन्टीनवालीने त्याचं भिंतीवरचं चित्र तेव्हा फाडून कपाटाच्या फळीवर अंथरलं होतं. आज तिने ते डब्यांखालून ओढून काढलं, दोन्ही तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि होतं तिथे परत लावलं. चित्रात तुफान छातीने फीत तोडत होता आणि त्याच्या खांद्यामागे एक अर्धा चेहरा दिसत होता. चिकटपट्टी नेमकी त्या चेहऱ्यावरून गेली होती. तो अर्धा चेहरा माझा आहे, बाई – पण हे तिला कशाला सांगायचं?

सकाळी घरी त्याची बायकोसुद्धा चहा गाळता गाळता थांबली होती.

“रडू येतं हो बघून. काय धावायचा तो!”

“मीही धावायचो.”

“तुमचं काय घेऊन बसलात...” ती म्हणाली, आणि मग जीभ चावून गाळणी जरा जास्तच वेळ झटकत राहिली.

खरंच, माझं काय? पंधराशे मीटर, पाव सेकंदाने दुसरा. एकदा नाही, नऊ वेळा. पकडला गेल्यावर त्याची पदकं काढून घेतली आणि त्यातलं सगळ्यात मोठं, सोन्याचं, माझ्याकडे पाठवून दिलं – शर्यतीनंतर अकरा वर्षांनी, कुरियरने, फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. कुरियरवाल्याने पाकीट हलवून विचारलं होतं, “घड्याळ आहे का आत?” मी बनियनवर होतो. सही केली, दार लावलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. त्याला निदान शिव्या तरी पोटभर मिळाल्या... आणि आता हे. माणसाने किती वेळा पुढे जावं? मरणाच्या शर्यतीतही त्यालाच टाळ्या, आणि मी इथे धडधाकट, खिळे ठोकत.

आपल्याला एका मरणाऱ्या माणसाचा हेवा वाटतोय, हे त्याला कळत होतं. कळूनही तो कमी होत नव्हता.

व्यवस्थापक लांबूनच हात करत आला. पोरसवदा माणूस, शर्यतीच्या वेळी तो शाळेतही गेला नसेल.

“काका, रविवारच्या कार्यक्रमाचं ठरलं ना? ते येणार आहेत. चाकाची खुर्ची तयार ठेवलीय, पण शेवटचे शंभर मीटर चालतच येतो म्हणतायत. तुम्ही फक्त शेजारी चालायचं. हात धरून.”

“मी का?”

“अहो, तुम्ही का म्हणजे? तुम्ही माफ केलंत हे दिसलं की लोकांना... म्हणजे छान वाटेल ना सगळ्यांना! आणि ते पदक घेऊन या. संध्याकाळपर्यंत सांगा, छापायला द्यायचंय.”

तो गेला. लोकांना छान वाटेल! फसवलं कुणाला होतं – लोकांना? त्यांनी तर तिकिटाइतकी मजा वसूल केली होती. तुफानाने एकदा दारात येऊन ‘चुकलं रे माझं’ म्हणावं, म्हणून बारा वर्षं वाट पाहिली ती मी. माफ करायचं की दार लावायचं, एवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. तेही यांनी परस्पर उरकून टाकलं.

त्याने चाक उचललं आणि चौथ्या पट्टीवर आणलं. चुना ओघळू लागला, रेषा धरू लागली... आणि शेवटच्या रेषेच्या वीसएक पावलं अलीकडे त्याचे हात आपोआप थांबले.

इथेच. गेल्या वर्षी, भर दुपारी. रेषा अजून ओल्या होत्या, आणि कुंपणाच्या फटीतून कुणीतरी आत येऊन आठही पट्ट्या ओलांडून गेलं होतं. त्याने वर बघितलंच नाही – वर बघायची गरज नव्हती, त्या टाचा त्याने कुठेही ओळखल्या असत्या. नऊ शर्यती त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं: उजवी सरळ पडायची, डावी किंचित बाहेर वळून, आणि उचलताना तिचा एक झटका. तो झटका मोजून मोजून तो धावायचा. त्या दुपारी झटका नव्हता. उजवीचे ठसे स्वच्छ, आणि डावीचा प्रत्येक रेषेवर वीतभर फराटा. पाय उचलतच नव्हता.

रेषा बिघडल्याचा राग आला म्हणून... नाही. राग रेषांचा नव्हता. कॅन्टीनवालीने विचारलं, “सुई होती का हो ती? अशी झोकांड्या खात का गेली?” आणि तो म्हणाला – मी म्हणालो – “पिऊन आला असेल.”

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. दारू प्यायला लागला, गटारात पडतो, बायकोला मारतो. आज तेच सगळे लिहितायत, आम्ही त्याला दारुडा म्हणालो, आम्हाला क्षमा कर. कुणी सुरुवात केली ते कुणालाच आठवत नाही. आणि मी काय केलं? सगळे फराटे बुजवून, वरून नव्या रेषा मारल्या. सरळ.

ऊन वर आलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, चाक बाजूला ठेवलं आणि डावा पाय ओल्या रेषेवरून ओढत नेला. वीतभर फराटा उमटला. अगदी तस्साच. पिणाऱ्याचा पाय असा पडत नाही – त्याचे दोन्ही पाय भरकटतात. हे त्याला आत्ता कळलं नव्हतं. डॉक्टरांच्या आधी, तुफानाच्या बायकोच्याही आधी जगात एका माणसाला ते दिसलं होतं, आणि त्या माणसाने दुसरंच नाव दिलं होतं.

रविवारी हजारभर लोक येतील. त्याच्या तोंडाकडे बघतील, डोळे पुसतील, फोटो काढतील. टाचेकडे कुणी बघणार नाही. आणि कुणी बघितलंच, तर? कुणी कुंपणाशी उभं राहून म्हणालं, बघा बघा, डावा पाय ओढतोय... हेवा पुन्हा वर आला. सकाळचाच तो, जुनाच, पण आता तो पदकाचा नव्हता, टाळ्यांचा नव्हता. ती टाच माझी आहे. तुम्ही नका बघू.

माफ केलंच असं धरून चालणारा व्यवस्थापक आता त्याला फारच लांबचा वाटला. शेजारी चाललो तर टाच आपल्याला दिसणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं – दिसायची तर दोन पावलं मागे राहावं लागेल. आणि मागे राहिलो, तर त्या दुपारचं त्याला सांगायचं ते कसं ऐकू जाणार?

फोन पुन्हा थरथरला. चुना वाळत चालला होता. फराटा बुजवायला अजून वेळ होता, आणि तो त्याच्याकडे बघत उभा राहिला, वजन उजव्या पायावर टाकून.