मिहिरला शिकवलेली पाच वाक्यं

दुपारी चारच्या सुमारास दिपाली सिडकोतल्या त्या दुमजली घराची बेल दाबायची, तेव्हा आत मिहिर आधीच खुर्चीत येऊन बसलेला असायचा. वय अठ्ठावीस. हातात रिकामा तांब्या. धडा नीट झाला की शेवटी तो तांब्या भरून मिळणार आणि गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं; पण मिहिरच्या तांब्यासाठी त्याची आई, भानुमतीबाई, एक बादली वेगळी झाकून ठेवायच्या.

दिपाली देवगाव रंगारीची. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि उरलेले दिवस मजुरी. त्या घरातली शाळेपलीकडे गेलेली ती पहिलीच. विशेष शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात तिला एकाच माणसासोबत चार महिने काम करायचं होतं. त्याचं वागणं बारकाईनं पाहायचं, शिकवायच्या गोष्टीचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा जमला की त्याच्या आवडीचं काही द्यायचं आणि रोज नोंद ठेवायची. मिहिर स्वमग्न होता. शब्द कमी, विचारलेला प्रश्नच तो परत म्हणायचा, आवाज वाढला की पुढं-मागं डोलायचा. आणि कुणी नीट शिकवलं तर शिकायचा, हे दिपालीला पहिल्या आठवड्यातच कळलं.

काय शिकवायचं ते आधी घरच्यांना विचारायचं, असा विभागाचा दंडक. दिपालीच्या मनात होतं, स्वतः चहा करणं, रस्ता ओलांडणं. भानुमतीबाईंनी मात्र वेगळंच सांगितलं.

"आधी त्याला चार माणसांत बसायला शिकव. वीस मिनिटं, न डोलता. मग बोलायला."

पहिलं वाक्य होतं, 'नमस्कार.' दुसरं, 'माझं नाव मिहिर.' तिसरं, 'या, बसा.' चौथं वाक्य ऐकून दिपाली थबकली.

"'मी कॉम्प्युटरचं काम करतो'? पण काकू, तो तसं काही करत नाही."

"करेल गं पुढं. आत्ता बोलायला तर लागू दे."

तिनं शिकवलं. मिहिर अडखळला की ती कोपराला हलकेच बोट लावायची आणि पुढचा शब्द सुटायचा. आलेखाची रेघ वर चढत गेली. वर्गात कौतुक झालं. आपण नेमकं काय शिकवतो आहोत, हा विचार त्या कौतुकात मागं पडला. पुढं कितीतरी दिवस दिपालीला याचीच लाज वाटत राहिली.

आठव्या आठवड्यात पाचवं वाक्य आलं. भानुमतीबाईंनी ते पाठमोरं उभं राहून, ओटा पुसता पुसता सांगितलं.

"'तुम्हाला स्वयंपाक आवडतो का?' एवढं बसव आता."

"कुणाला विचारायचं आहे त्यानं?"

भानुमतीबाईंचा हात ओट्यावर फिरतच राहिला. मिहिरचे वडील, अनंतराव, बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पान उलटलं नाही, मानही वर केली नाही.

त्या आठवड्यात घरात नवे पडदे लागले. मिहिरचे केस कापले गेले. कात्रीच्या आवाजानं तो तासभर ओरडत होता, असं शेजारच्या बाईंनी दिपालीला फाटकाजवळ सांगितलं. आणि गुरुवारी भानुमतीबाईंनी तिच्यापुढं एक फोटो ठेवला. साध्या साडीतली, तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी.

"ही करुणा. करमाडची. आईबाप नाहीत, मामानं वाढवली. रविवारी येणार आहेत. तू जरा बरी साडी नेसून ये. माझ्या भावाची मुलगी म्हणून मिहिरच्या शेजारी बस. अडखळला तर शिकवताना लावतेस तसं कोपराला बोट लाव."

दिपालीनं फोटो परत सरकवला. "मुलीला सांगितलंय?"

"सांगायचं काय त्यात? जरा अबोल आहे."

"आणि मिहिरला?"

"त्याला काय कळतंय?" भानुमतीबाईंचा आवाज एकाएकी चिरकला. "मी साठीला आले. ह्यांना एक अटॅक येऊन गेलाय. आमच्यामागं त्याचं अंग कोण पुसणार, घास कोण भरवणार? तू तुझी पदवी घेऊन जाशील. कुणीतरी हक्काचं नको?"

"काकू, तुम्हाला सून नको आहे. जन्मभर सोडून जाऊ न शकणारी बाई हवी आहे."

"बाकीचं मला शिकवू नकोस. तुझ्या कामाच्या नोंदीवर शेवटी सही माझीच लागणार आहे."

हॉस्टेलवर येऊन तिनं आईला फोन लावला. राजाबाई मेंढरं वाड्यात कोंडून नुकत्याच टेकल्या होत्या. दिपालीनं सगळं सांगितलं.

"तुझ्या धाकल्या मावशीचं तुला कधी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "तिचं सासरबी असंच व्हतं. म्हणली, पोरगं साधं हाये, लगीन झालं की शहाणं व्हईल. लई हौसेनं नेली तिला. बारा वर्सं तिनं त्याला न्हाऊ-माखू घातलं. मग एक दिस हिरीत सापडली. लोकं म्हणली, पाय घसरला."

"आणि काका?"

"त्यो वाईट नव्हता गं. पंधरा दिस तिला हुडकत हिंडत व्हता रानात. त्याला तरी कुणी इचारलं व्हतं, लगीन पायजे का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दिपालीनं आपल्या मार्गदर्शक प्रेरणा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिहिरची माहिती बाहेर सांगायचा हक्क तुला नाही. पण त्यांच्यासाठी खोटं बोलायलाही तू बांधलेली नाहीस. काम आजच थांबव आणि तसं त्यांना तोंडावर सांग."

तिनं अनंतरावांना फोन केला. "रविवारी दहाला या, बोलू," एवढंच ते म्हणाले.

पाहुणे यायच्या आधी बोलणं होईल, असं धरून दहाला ती पोहोचली, तर पाहुणे येऊन बसलेले. ती उंबऱ्यात दिसताच भानुमतीबाई हसत पुढं आल्या आणि तिचा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "ही माझी भाची." दिपाली मिहिरच्या शेजारी कधी बसवली गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

मिहिर कडक इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम झाला होता. समोर करुणा, तिच्या बाजूला तिचे मामा नानासाहेब.

"नमस्कार. माझं नाव मिहिर. या, बसा. मी कॉम्प्युटरचं काम करतो." एकही शब्द चुकला नाही. मामांनी समाधानानं मान डोलावली. मग मिहिरनं पाचवं वाक्य म्हटलं. "तुम्हाला स्वयंपाक आवडतो का?"

"आवडतो," करुणा म्हणाली. मग थोडं धीरानं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

"तुम्हाला काय आवडतं," मिहिर म्हणाला.

"मला? मला वाचायला आवडतं. तुम्हाला?"

"तुम्हाला. तुम्हाला काय आवडतं." त्याचे खांदे हलायला लागले. भानुमतीबाईंची नजर दिपालीच्या हातावर खिळली. दिपालीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले आणि ती उभी राहिली.

"मी यांच्या नात्यातली नाही," ती करुणाला म्हणाली. "मी विशेष शिक्षणाची विद्यार्थिनी आहे. मिहिरदादाला ही पाच वाक्यं मी शिकवली. पुढचं मला बोलता येत नाही. तुम्ही यांना विचारा."

मग नानासाहेब घसा खाकरून म्हणाले, "व्हय, व्हय. आमचं बोलणं झालंय सगळं. मला कल्पना हाये."

करुणानं हळूहळू मान वळवली.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, घर बघ केवढं! तुला काय कमी पडंल इथं?"

"म्हंजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून." तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "मला हे लगीन करायचं नाय." मिहिरनं कान झाकून घेतले होते. ती त्याच्यासमोर वाकली. "तुमच्यावर माझा राग नाय," असं म्हणाली आणि चप्पल घालून चालू पडली. मामा हाका मारत मागं धावले.

सोमवारी विभागात तक्रार आली. विद्यार्थिनीनं घरात शिरून मुलाचं लग्न मोडलं, असं पत्रात होतं. सही मिळाली नाही. तोवरचं सगळं काम बाद झालं, पदवी एक सत्र लांबली. दिपालीनं ते मुकाट्यानं सोसलं. आपण वाचवलं एकीला, एवढं समाधान तिच्याजवळ होतं. तेही महिनाभरच टिकलं.

एका रविवारी मेसमध्ये तिनं वर्तमानपत्राची पुरवणी उघडली. 'मुलगा मितभाषी, निर्व्यसनी, उत्तम घराणं. मुलीच्या शिक्षणाची अट नाही. गरीब, अनाथ चालेल.' खाली अनंतरावांचा नंबर. पेपर तीन आठवड्यांपूर्वीचा होता, कुणीतरी टेबलावर अंथरलेला. तिला ताट पुढ्यात ओढवेना.

ती तशीच निघाली. दार अनंतरावांनी उघडलं. महिनाभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"ती मिहिरला घेऊन शिंप्याकडे गेलीय," ते म्हणाले. "शुक्रवारी साखरपुडा आहे. वैजापूरकडची मुलगी."

"तिला सांगितलंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"काका, मिहिरदादाचं लग्नच होऊ नये, असं मी म्हणत नाही. त्याला हवं असेल, आणि सगळं माहीत असून कुणी हो म्हणत असेल, तर मी अक्षता टाकायला येईन. पण तुम्ही त्या दोघांनाही फसवताय. तुमच्यामागं काय, हा प्रश्न खरा आहे. तो एखाद्या पोरीच्या गळ्यात बांधून सुटत नाही. त्याला उद्यापासून भात लावायला शिकवू. मी येते, सही नको मला."

"तेव्हा तू उठून उभी राहिलीस," अनंतराव म्हणाले, "मी उठायला हवं होतं. बाप मी आहे."

"अजून शुक्रवार आलेला नाही."

त्यांनी खिशातून फोन काढला. ते वैजापूरच्या मुलीचा नंबर शोधू लागले. दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं. तिसऱ्यांदा घंटी वाजली. बाहेर फाटक करकरलं, भानुमतीबाईंचा आवाज आला, "चल राजा, चप्पल काढ." अनंतरावांनी फोन खाली ठेवला नाही.

"हॅलो?" पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी मिहिरचा बाप बोलतोय, बाळ," अनंतराव म्हणाले. "तुला आम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही."